रबरं सगळी नवी, तरी दारातून पाणी येतंय

या वेळचं पत्र: एका ताईंकडे वडिलांची १९६० च्या दशकातली दोन दारांची गाडी आलीय. वडील होते तोवर गाडीत कधी थेंब आला नाही असं त्यांना आठवतंय. आता पाऊस पडला किंवा गाडी धुतली की ड्रायव्हरच्या बाजूचं कार्पेट ओलं होतं, दाराच्या आतल्या पॅनलचा खालचा भाग फुगायला लागलाय आणि बंद गाडीत कुबट वास येतो. त्यांनी दोन्ही दारांची रबरं, म्हणजे बीडिंग, नवीन आणून बसवून घेतली. फरक शून्य, उलट आता दार आपटल्याशिवाय लागत नाही. गॅरेजवाले म्हणतात जुनी गाडी म्हटल्यावर गळणारच. भाऊ म्हणतो सगळीकडून सिलिकॉन मारून टाक आणि दाराच्या खाली भोकं आहेत तीही बुजव, पाणी तिथूनच येत असणार. तिसरा सल्ला असा की गाडीला कव्हर घालून ठेव आणि पावसात काढूच नकोस. आतलं पॅनल उघडून बघायला ताई तयार नाहीत, ते वडिलांच्या वेळचं मूळ आहे, एकदा उघडलं की पुन्हा तसं बसणार नाही ही भीती. त्यांनी विचारलंय, सिलिकॉन मारू का गाडी झाकून ठेवू?

ताई, नमस्कार. बाकीचं सावकाश वाचा, पण आधी भावाला फोन करून सांगा की दाराखालच्या भोकांना हात लावायचा नाही. ती भोकं पाणी आत यायला नाहीत, आत आलेलं बाहेर जायला आहेत, आणि ती बुजवली तर आज नुसतं कार्पेट ओलं होतंय, उद्या दारच खालून कुजायला लागेल.

तुम्ही पत्रात एक गोष्ट धरूनच चाललाय, आणि तुम्हीच नाही, जुनी गाडी ठेवणारे बहुतेक सगळे तसंच धरतात, की दार चांगलं असेल तर त्यात पाणी शिरता कामा नये. तर तसं नाहीये. काच खालीवर होणाऱ्या कुठल्याही दारात पाणी शिरतंच, नव्या कोऱ्या गाडीच्याही. काच दारात जिथून खाली उतरते तिथे बाहेरून रबराची किंवा फेल्टची एक पट्टी काचेला टेकलेली असते, ती काच पुसते पण पाणी पूर्ण अडवत नाही, अडवूच शकत नाही, कारण काच तिच्यातून सरकायला हवी. मग काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोकळीत उतरतं, बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाने खाली जातं आणि तळाच्या भोकांतून जमिनीवर पडतं. बनवणाऱ्यांनी हे धरूनच दार बनवलेलं असतं. दाराला बंद डबा समजू नका, पन्हळ समजा, वरून घ्यायचं आणि खालून सोडून द्यायचं.

मग आतली बाजू कोरडी कशी राहते? आतल्या पत्र्यावर, तुमच्या त्या पॅनलच्या मागे, एक पडदा चिकटवलेला असतो. जुन्या गाड्यांत डांबरी नाहीतर मेण लावलेला कागद, नंतरच्यांत प्लास्टिक. आतल्या पत्र्याला मोठी मोठी भगदाडं असतात, काचेची मशीन आणि लॉक बसवायला हात आत जावा म्हणून, ती सगळी या पडद्याने झाकलेली असतात, आणि बऱ्याच गाड्यांत पडद्याची खालची कड पत्र्यातल्या फटीतून परत दाराच्या आत सोडलेली असते, म्हणजे पडद्यावरून ओघळलेलं पाणीसुद्धा पोकळीतच पडतं. साधा कागद, पण आतला कोरडेपणा सगळा त्याच्या जिवावर. आणि पन्नास-साठ वर्षांत काय होतं, कुणी काचेची मशीन दुरुस्त करायला, कुणी स्पीकर बसवायला, कुणी लॉक अडकलं म्हणून पॅनल काढतं, पडदा फाटतो, मग तो फेकून तरी देतात नाहीतर चिकटपट्टीचे चार तुकडे लावून झालं म्हणतात. वर पॅनल बसलं की कुणाला दिसतंय!

म्हणून 'बाबांच्या वेळी थेंब आला नाही' हे मला खरं वाटतं, पण त्याचा अर्थ मी जरा वेगळा लावेन. दारात पाणी तेव्हाही जातच असणार, तुमच्यापर्यंत पोचत नव्हतं इतकंच. मधल्या काळात त्या दाराच्या काचेचं किंवा लॉकचं काही काम झालं होतं का, आठवून बघा, जुनी बिलं ठेवली असतील तर चाळा.

आणि पुरावा तुम्ही स्वतःच लिहिलाय की. पॅनल खालून फुगलंय. दार आणि बॉडी यांच्यामधल्या रबरातून पाणी आलं तर ते थेट उंबऱ्यावर येतं, तिथून कार्पेटवर, त्यात पॅनल सहसा भिजत नाही. पॅनलचा हार्डबोर्ड फुगतो तो मागून ओला झाला की, आणि मागून ओला होतो तो पडदा गेला असला की. म्हणजे तुम्ही रबरं बदललीत तेव्हा एका गळतीचं औषध दुसऱ्या गळतीला दिलं. पैसे पाण्यात गेले असं अजिबात म्हणत नाही, जुनी रबरं कडक झाली असतील तर ती कधीतरी बदलायचीच होती. फक्त हे दुखणं ते नव्हतं.

आता पॅनल उघडायची भीती. ती मी समजू शकतो, आणि तुमचा प्रश्न खरा इथेच अडलाय असं मला वाटतं, सिलिकॉन का कव्हर हे नंतरचं. पण जे जपायचं म्हणून तुम्ही उघडत नाही आहात ते प्रत्येक पावसात मागून भिजतंय. हार्डबोर्ड एकदा फुगून मऊ पडला की क्लिपांची भोकं फाटतात, रेक्झिन सुटायला लागतं आणि मग ते 'मूळ पॅनल' आपोआपच जातं, तुम्ही उघडा किंवा न उघडा. उलट वेळेत काढलं तर वाचतं.

काढायचं कसं ते सांगतो, घाई नसेल तर घरी जमण्यासारखं आहे. गाडी आधी चार-सहा दिवस कोरड्या जागी दारं उघडी ठेवून वाळू द्या (आतला दिवा बंद करून, नाहीतर बॅटरी उतरेल), वाळलेला बोर्ड कमी फाटतो. काच पूर्ण वर घ्या आणि हँडल कुठल्या कोनात आहे त्याचा फोटो काढा. काच फिरवायचं हँडल बऱ्याच जुन्या गाड्यांत मागच्या बाजूला घोड्याच्या नालेसारख्या एका छोट्या स्प्रिंग क्लिपने धरलेलं असतं, काहींत आरपार पिन असते, काहींत सरळ स्क्रू. क्लिपवालं असेल तर हँडल आणि त्याच्यामागची चकती यांच्यामध्ये एक जुनी सुती चिंधी घाला आणि बूट पॉलिश करताना करतो तशी दोन्ही टोकं धरून इकडून तिकडे ओढा, चिंधीचा धागा क्लिपच्या टोकाला अडकतो आणि ती उडते. उडते म्हणजे खरंच उडते, त्यामुळे डोळ्याला चष्मा लावा आणि वरून एक मोठा टॉवेल धरा, नाहीतर पुढचा अर्धा दिवस ती सीटखाली शोधण्यात जाईल. मग आर्मरेस्टचे, आतल्या हँडलभोवतीचे स्क्रू काढा. शेवटी कडेच्या क्लिपा, त्या खेचायच्या नाहीत, रुंद पात्याचं काहीतरी, त्याला टेप गुंडाळून, प्रत्येक क्लिपच्या अगदी शेजारी घालून उचकायच्या. सुरुवात जिथे बोर्ड धड आहे तिथून, फुगलेला भाग सगळ्यात शेवटी. काही गाड्यांत पॅनल वरून काचेच्या पट्टीवर अडकवलेलं असतं, ते वर उचलल्याशिवाय येत नाही, तिथे जोर लावून मोडू नका.

निघालं की उलटं करून मागची बाजू बघा. पाणी कुठून उतरत होतं त्याचा नकाशाच तिथे असतो, तपकिरी डाग, वरून खाली आलेले ओघळ, कुठे बुरशीचे ठिपके. डाग जिथे सगळ्यात वर सुरू होतो ती जागा पत्र्यावर खडूने खूण करून ठेवा. डाग पुढच्या वरच्या कोपऱ्यातून निघालेला असेल तर त्रिकोणी काच (मोठ्या काचेच्या पुढची ती छोटी), मधून असेल तर पडदा नाहीतर काचेची पट्टी, मागच्या बाजूला असेल तर बाहेरच्या हँडलचं किंवा लॉकचं गॅस्केट, असा साधारण अंदाज धरायला हरकत नाही.

मग पाण्याची परीक्षा, आणि हे मन लावून करा, सगळे इथेच चुकतात. प्रेशर वॉशर नाही, नळाचा साधा पाइप, धार हाताने फोडून, पावसासारखी. एक जण बाहेर, एक जण आत टॉर्च घेऊन. सुरुवात खालून करायची आणि हळूहळू वर जायचं, एकेका जागी किमान ५ मिनिटं. खालून का, तर वरून सुरू केलंत की पाणी खाली सगळीकडून ओघळणार आणि आत आलेलं कुठल्या फटीतून आलं ते कळणारच नाही. आधी दाराची खालची कड, मग बाजूच्या उभ्या कडा, मग हँडल आणि लॉकचं भोक, मग आरसा, मग काचेच्या खालची पट्टी, मग त्रिकोणी काच, सगळ्यात शेवटी वरची कड आणि छप्पर. ज्या जागेचा संशय नाही ती मास्किंग टेपने झाकून घेतली तर आणखी बरं.

आत बसलेल्याने काय बघायचं? दार लावून, पॅनल नसलेल्या त्या पोकळीत टॉर्च मारून बसलं की पहिल्यांदा काचेच्या बाहेरच्या अंगाने बारीक थेंब उतरताना दिसतात, ते काचेच्या खालच्या कडेला जमतात, तिथून काही सरळ तळाला पडतात आणि काही काचेच्या मशीनच्या लोखंडी हातावर. आता तो हात तिरका असतो, थेंब त्याच्यावरून रांगत आपल्या बाजूला येतो, बोल्टपाशी थबकतो आणि तिथून थेट भगदाडाच्या आतल्या कडेवर टपकतो. तिथे पडदा असता तर पडद्यावर पडून खाली गेला असता. नसला की पॅनलवर, पॅनलवरून उंबऱ्यावर, उंबऱ्यावरून कार्पेटखाली. लॉकच्या लांब सळईवरूनही पाणी असंच चालत येतं. हे एकदा डोळ्याने बघितलंत ना, की सिलिकॉनचा विचार मनातून आपोआप जाईल, कारण बुजवायला तिथे फटच नाहीये.

पडदा नवीन करणं हे या सगळ्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी काम. जुन्याचे तुकडे उरले असतील तर त्यावरून, नसतील तर पॅनल कागदावर ठेवून आखून घ्या. जाड पॉलिथिन, १५० मायक्रॉनच्या आसपासचं, चालतं. हँडलच्या दांड्यांपुरतीच लहान भोकं पाडा. चिकटवायला ब्युटाइलची दोरी किंवा टेप, तीच ती काळी चिवट, कधीच न वाळणारी, म्हणजे पुढच्या वेळी पडदा न फाडता सोलून काढता येतो आणि परत दाबून बसवता येतो. पत्रा आधी नीट पुसून कोरडा करा, जुना डिंक काढा, नाहीतर आठवड्यात सुटेल. आणि खालची कड! ती फटीतून दाराच्या आत गेलीच पाहिजे, आणि खाली फट नसेल तर सगळ्यात खालच्या भगदाडाच्या खालून अखंड ओळीत चिकटवून थोडी आत वळवायची. पडदा सगळीकडून मस्त चिकटवला आणि खालची कड बाहेरच राहिली तर पाणी नेमकं पॅनलच्या बुडाशी आणून सोडल्यासारखं होतं. चार बोटांची कड, पण सगळा खेळ तिच्यावर.

भोकांवर परत येतो. दाराच्या तळाला दोन ते चार असतात, काहींवर रबराची छोटी झापडं असतात. दार उघडं असताना मगभर पाणी पोकळीत ओता, लगेच खालून धार लागली पाहिजे. थेंबथेंब आलं तर आत माती, पानं, सुटलेलं फेल्ट साचलंय असं समजा. साफ करायला प्लास्टिकची केबल टाय किंवा लाकडी काडी, ड्रिल नको, स्क्रूड्रायव्हर नको, रंग खरवडला की गंज तिथूनच सुरू होतो.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. एका जुन्या गाडीला खालून गंजरोधक थर मारून आणला होता, कुठून ते जाऊ द्या. त्यानंतर वळणावर दारातून डुबुक डुबुक आवाज यायला लागला. मला वाटलं पाण्याची बाटली कुठेतरी घरंगळतेय, दोन दिवस सीटखाली शोधली. शेवटी खाली वाकून बघितलं तर तिन्ही भोकांवर त्या काळ्या थराचा गुळगुळीत लेप. काडी घातली आणि चहाच्या रंगाचं पाणी निघालं ते थांबेचना, खाली ठेवलेलं घमेलं अर्धं भरलं. त्या दाराची खालची दुमड नंतर कापून नवीन पत्रा लावावा लागला. म्हणून सुरुवातीलाच फोन करायला सांगितला.

ती दुमड म्हणजे काय तेही सांगतो, जुन्या गाडीची दारं सडतात ती तिथूनच. बाहेरचा पत्रा खाली आतल्या पत्र्यावर वळवून दाबलेला असतो, त्या दोन पत्र्यांच्या मधल्या केसाएवढ्या जागेत पाणी खेचलं जातं आणि लवकर वाळत नाही. बाहेरून रंगाला खालच्या कडेला फोड दिसले तर आतून काम बरंच पुढे गेलंय असं समजायचं. पॅनल उघडलंच आहे तर दार पूर्ण वाळवून आतून पोकळीत मारायचं मेण मारून घ्या, दुमडीवर सढळ हाताने, आणि मग भोकं परत एकदा मोकळी करा, मेणानेही ती बुजतात.

काचेच्या खालच्या पट्ट्या. त्यांना पाणी पूर्ण अडवायचं नसलं तरी पुसायचं काम त्यांचंच, आणि त्या आखडून काचेपासून सुटल्या असतील तर दारात थेंबांऐवजी धार जाते, मग पडदाही थकतो. काच वर असताना पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेला टेकलीय का बघा, मधे कुठे उजेड दिसला तर बदला. काचेच्या बाजूच्या खाचांत असलेलं फेल्ट झिजलं असेल तर काच डुगडुगते, पाणीही जास्त येतं, तेही याच वेळी बघून घ्या. त्रिकोणी काचेचं रबर हा जरा चिवट प्रकार आहे, ते महाग पडतं, बसवायला कटकटीचं असतं, आणि तिथून आलेलं पाणी पॅनलच्या वरूनच उतरतं म्हणून पडदा त्याला काही करू शकत नाही. पॅनलचा पुढचा वरचा कोपरा ओला असेल तरच त्याच्या मागे लागा.

आता तुमची नवी रबरं आणि न लागणारं दार. नंतर बनवलेली रबरं बऱ्याचदा मूळच्यापेक्षा जाड किंवा कडक असतात, काही आठवड्यांत थोडी दबतात, त्यामुळे दार थोडं जड लागत असेल तर वाट बघा. पण आपटावंच लागत असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही, लॉक आणि बिजागऱ्या दोन्हीवर रोज ताण येतोय. बाकी घट्ट दार म्हणजे बिघाडच असंही नाही हं, जुन्या फोक्सवॅगन बीटल गाडीच्या दारांची ख्याती आहे की काचा बंद असतील तर आतली हवा दाबली जाऊन दार लागायला त्रास देतं. तुमचं तसं आहे का ते काच थोडी खाली घेऊन दार लावून बघितलं की लगेच कळेल.

त्याने फरक पडला नाही तर आधी बिजागऱ्या बघा. दार अर्धं उघडा, लॉकच्या टोकाला धरून वर उचला. खट्ट वाजून हललं तर पिना झिजल्यात, दार लोंबतंय, आणि लोंबणाऱ्या दाराला जगातलं कुठलंही रबर बसत नाही, मागे खाली दबतं आणि वर फट राहते. पिना आधी, मग खांबावरची लॉक अडकायची पट्टी म्हणजे स्ट्रायकर थोडा आतबाहेर सरकवून, मग रबर. आपण उलटं केलं, रबर आधी. बहुतेक जण तसंच करतात, कारण रबर विकत मिळतं आणि ॲडजस्टमेंट विकत मिळत नाही.

रबर नीट दबतंय का हे बघायला दोन साध्या युक्त्या. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा, ती अडकत अडकत आली पाहिजे, सुळकन आली तर तिथे फट. दर वीतभर अंतरावर हे करा. दुसरी, रबरावर खडू घासा, दार हलकेच लावून उघडा, बॉडीवर खडूची रेघ उमटते, जिथे रेघ तुटली तिथे रबर टेकत नाही. रेघ फक्त वरच्या कोपऱ्यात तुटली असेल तर काचेची चौकट जराशी बाहेर वाकलेली असू शकते, ती जाणकार माणूस हाताने दाबून आणतो, स्वतः गुडघा लावून प्रयोग करू नका. रबराचा जोड कुठे आलाय तेही बघा, तो खाली असावा, वरच्या कोपऱ्यात जोड ठेवला असेल तर तो उघडणारच. रबर मऊ ठेवायला सिलिकॉन ग्रीस किंवा ग्लिसरीन, तेल किंवा पेट्रोलियम जेली नको, त्याने ही रबरं फुगतात.

ज्यांच्या दारांना काचेभोवती चौकटच नाही, म्हणजे एमजीबी रोडस्टरसारख्या (१९६२ ते १९८०) उघड्या गाड्या, त्यांचं दुखणं यापेक्षा वेगळं असतं, तिथे काच किती वर येते आणि छताच्या रबरावर कुठल्या कोनात टेकते याच्यावर सगळं असतं आणि ते आतल्या चॅनेलचे बोल्ट सैल करून जुळवावं लागतं. तशा गाड्यांकडून मुसळधार पावसात कोरड्या सीटची अपेक्षा मी तरी ठेवत नाही. तुमच्या गाडीकडून ठेवतो.

आणि समजा हे सगळं करून दार आतून कोरडं ठणठणीत आणि कार्पेट तरी ओलं, तर मग दाराला सोडा. समोरच्या काचेच्या रबराच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी शिरतं, डॅशबोर्डच्या मागून खांबावरून उतरतं आणि नेमकं दाराच्या उंबऱ्यापाशी बाहेर येतं, बघणाऱ्याला शंभर टक्के दारच वाटतं. काचेखाली हवा आत घ्यायची जी जाळी असते तिचा निचरा पानांनी तुंबला तरी तेच. गाडी उभी असताना कोरडी आणि ओल्या रस्त्यावर चालवली की ओली, असं होत असेल तर खालून, फ्लोअरचं एखादं रबरी बूच गायब असणार. पाऊस नसतानाही ओलं होत असेल, हाताला बुळबुळीत लागत असेल आणि गोडसर वास येत असेल तर ते पाणीच नाही, हीटरमधून गळणारं कूलंट आहे. चव वगैरे घेऊन बघू नका, विषारी असतं.

सिलिकॉनबद्दल तुम्ही स्पष्ट विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो, नको. साधं स्वस्त सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ना, ते खरंच ॲसिटिक ॲसिड असतं, उघड्या पत्र्याला त्याने गंज चढतो. ते पूर्ण निघत नाही, आणि पुढे कधी रंग मारायचा झाला तर त्या जागी रंग धरत नाही, खड्डे खड्डे पडतात. जिथे खरोखर काही भरायचंच आहे, म्हणजे क्रोमच्या पट्टीच्या क्लिपांची भोकं, आरशाचा तळ, तिथे ब्युटाइल.

कव्हरचा सल्ला देणारा तुमच्या काळजीपोटीच बोलतोय, पण ओल्या कार्पेटच्या गाडीवर कव्हर म्हणजे ओल्या कपड्यांची पेटी बंद करणं. आधी कार्पेट उचला, खालचा जो नमदा असतो तो सगळ्यात जास्त पाणी धरून बसतो, वरून कार्पेट कोरडं लागलं तरी तो पिळला तर धार निघते. तो बाहेर काढून वाळवा, फार कुजला असेल तर नवा घाला, फ्लोअरचा पत्रा बघा, गंज वरवरचा असेल तर घासून प्रायमर मारा. त्यानंतर हवा खेळतं कव्हर घाला खुशाल. पण चार महिने न चालवता ठेवण्यापेक्षा भिजली तरी चालवून नंतर दारं उघडी ठेवून वाळवलेली गाडी मला जास्त चांगली वाटते.

गॅरेजवाल्यांना दोष देत नाही, 'गळणारच' म्हणणं सोपं असतं आणि गळती शोधायला लागणाऱ्या वेळेचे पैसे कुणी देत नाही. त्यांच्याकडेच काम द्यायचं असेल तर 'गळती बंद करा' असं सांगू नका. सांगा की ड्रायव्हरच्या दाराचं पॅनल काढा, पडदा आहे का दाखवा, भोकं मोकळी करा, आणि पॅनल बसवायच्या आधी माझ्यासमोर १० मिनिटं पाणी मारा. यातलं शेवटचं त्यांनी टाळलं तर गाडी दुसरीकडे न्या.

फुगलेल्या पॅनलचं म्हणाल तर ते निघालं की सपाट जागी वर वजन ठेवून वाळवा, थोडं फुगलेलं बऱ्यापैकी बसतं. क्लिपांची भोकं फाटली असतील तर मागून पातळ प्लायचा तुकडा चिकटवून त्यात नवं भोक पाडता येतं. बोर्ड अगदीच गेला असेल तर रेक्झिन हळूहळू सोलून नव्या बोर्डवर चढवता येतं, समोरून दिसणारं सगळं तुमच्या वडिलांच्या वेळचंच राहतं, आणि नव्या बोर्डच्या मागच्या बाजूला आणि कडांना वॉर्निशचे दोन हात मारून ठेवा. जुना बोर्ड टाकण्यापूर्वी त्याची पाठ नीट बघा, बऱ्याच पॅनलांच्या मागे खडूने नाहीतर पेन्सिलने काहीबाही लिहिलेलं असतं, डावं-उजवं, आकडे, कुणाचीतरी सही.

पाइप कोण धरणार हे ठरवून घ्या, आत टॉर्च घेऊन तुम्हीच बसा. भावाला बाहेर उभं करा, आणि खालून वर, प्रत्येक जागी ५ मिनिटं, हे त्याला दोनदा सांगा, तो दुसऱ्याच मिनिटाला छतावर धार सोडणार.